पूर्ण लोडवर अर्धा तास

कारखान्यात सव्वीस वर्षं ट्रान्सफॉर्मर तपासणाऱ्या या गृहस्थांना सगळे नापासराव म्हणत, आणि तेही तोंडावर. प्रत्येक ट्रान्सफॉर्मर पूर्ण लोडवर अर्धा तास चालवायचा, हात लावून बघायचा, वास घ्यायचा आणि मगच चिठ्ठीवर सहीचा शिक्का मारायचा, हा त्यांचा खाक्या. धाकट्या मालकांनी अर्ध्या तासाची दोन मिनिटं करायला सांगितली, तेव्हा नापासरावांनी धाकट्या मालकांनाच नापास केलं आणि शिक्का टेबलावर ठेवून घरी आले. या गोष्टीला दोन वर्षं झाली.

घरी तपासण्यासारखं फारसं नसतं. कुकरची रिंग, दाराच्या बिजागऱ्या आणि जावयाचं गाडी चालवणं अशा तिन्ही गोष्टी नापास झाल्यावर बायकोने मुलीला फोन केला. "यांना काहीतरी आणून दे गं, नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येते." मुलीने धसका घेऊन पॉवर सप्लायचं किट आणून दिलं. शून्यापासून तीस व्होल्ट, तीन अँपिअर. भाग सगळे सुटे, जोडायचे आपले आपण.

खोकं उघडलं, तर ट्रान्सफॉर्मरला चिठ्ठी बांधलेली. ‘पूर्ण लोडवर अर्धा तास तपासला.’ तारीख गेल्या महिन्यातली. खाली नापासरावांची सही.

किटमधलं काहीही नापास न करता त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. प्रकरण गंभीर आहे हे बायकोला तेवढ्यावरूनच कळलं. सरळ कारखान्यात जाऊन जाब विचारा, असं तिने सुचवलं. पण न तपासता ओरडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आधी तपासणी, मग संताप. दातओठ खात त्यांनी तीन दिवस सोल्डरिंग केलं. रागाने माणसाचे हात थरथरतात म्हणे. यांचा एक टाका वाकडा गेला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, विजेच्या वायरीच्या मध्ये साधा बल्ब जोडून पहिल्यांदा वीज सोडली. बल्ब क्षणभर उजळून मंदावला; म्हणजे शॉर्ट कुठे नाही. मीटरवर बरोबर तीस. मग बल्ब काढून, चोवीसवर आणून लोड म्हणून ट्रकच्या हेडलाइटचा दिवा लावला. काटा घसरत एकोणीसवर आला. सहाव्या मिनिटाला तारांवरच्या तापलेल्या वार्निशचा वास सुटला.

चूक आपलीच असेल, या शंकेने त्यांनी सगळी जोडणी पुन्हा तपासून पाहिली. चूक सापडली नाही, त्यामुळे ते आणखी चिडले. शेवटी ट्रान्सफॉर्मर सोडवून एकटाच लोडवर टाकला. अकराव्या मिनिटाला त्यातून धूर निघाला. चिठ्ठीच्या मते तो अजूनही पास होता.

त्यांनी धाकट्या मालकांना फोन लावला. मालक फार गोड बोलले. चांगला शिक्का पडून कशाला ठेवायचा, दुकानदार ती सही बघूनच तर माल उचलतात, वगैरे. "काका, उलट मान समजा. तुम्ही गेलात, पण तुमचं नाव राहिलं."

"मी मेलेलो नाही," म्हणून नापासरावांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते किट विकणाऱ्या दुकानात हजर झाले. फळीवर तशीच चौदा खोकी होती. त्यांनी खिशातून पेन काढलं, पहिलं खोकं उघडलं आणि चिठ्ठीवरच्या सहीवर दोन आडव्या रेघा मारल्या. दुकानदार धावत आला. माल खराब करता म्हणजे काय, पोलिसांना बोलावू का, असं बरंच बोलला.

"मालाला मी हात लावलेला नाही. सही माझी आहे, ती खोडतोय."

पुरावा मागितल्यावर त्यांनी चिठ्ठीमागे सही करून दिली. दुकानदाराने चिठ्ठी दोनतीनदा उलटसुलट करून पाहिली आणि त्याचा आवाज एकदम घरगुती झाला. "अहो, पण सगळ्या नका खोडू. चार तरी राहू द्या."

"कुठल्या चार?"

दुकानदार खोक्यांवरून बोट फिरवत राहिला. नापासराव आठव्या खोक्यापर्यंत पोचले, तेव्हा मोबाइल दुरुस्त करणारी एक बाई काउंटरपाशी येऊन उभी राहिली होती. तिला दुकानासाठी सप्लाय हवा होता. थोडा वेळ हा प्रकार पाहून तिने थेट त्यांनाच विचारलं, "मग यातला चालणारा कुठला?"

दुकानदार आशेने त्यांच्याकडे बघू लागला. सव्वीस वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी छातीठोकपणे दिलं, ते आज देता येत नव्हतं, आणि सगळ्यात जास्त राग त्यांना त्याचाच आला.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तपासलेले नाहीत." आणि त्यांनी नववं खोकं पुढे ओढलं.