बार्बाडोसची आजी आणि माझी नीरफणसाची कापं

मंडळी, मला लिहिता येत नाही. मी बोलत्ये, सून टाइप करत्ये.

आज दिवेलागणीला लेकीच्या लेकीचा, मनूचा, बार्बाडोस बेटावरून व्हिडिओ कॉल आला. शेजारची म्हातारी तिला तिथली झाडं, खेकडे, गाणी सगळं शिकवते. आज ती विस्तवावर अख्खा नीरफणस भाजत होती.

"आजी, ही माझी इथली आजी!"

खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. म्हटलं, "भाजत्येस काय? आम्ही इथे मांडवीत त्याची कापं करतो. हळद, तिखट, मीठ चोळायचं नि तव्यावर तळायची."

मनूने तिला इंग्रजीत सांगितलं. बाईने लगेच सुरीच घेतली!

वरून तांदळाचं पीठ लावायचं मी मुद्दाम सांगितलं नाही. कापं कुरकुरीत झाली नाहीत, तर मनू मलाच विचारील ना? सांगा, चुकलं का माझं?