काळी गाडी आणि बोअरिंगचं पाणी

गेल्या शनिवारी, लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, मी आमची काळी गाडी स्वतःच्या हाताने धुतली... आणि दुपारपर्यंत तोंडचं पाणी पळालं.

गाडी सेकंडहँड, पण रंग अजून काळाभोर. घेतली तेव्हाच सुजाता म्हणाली होती, "पप्पा, माझ्या लग्नात भाड्याची गाडी नको हं. मी ह्याच गाडीतून हॉलवर जाणार, आणि चालवणार तुम्ही." पोरीने एवढंच मागितलं. बाकी साडीपासून जेवणापर्यंत सगळं 'तुम्ही ठरवा'.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहतो. सकाळी नळाला आलेलं पाणी पाहुण्यांच्या आंघोळीतच संपलं, म्हणून बिल्डिंगच्या बोअरिंगच्या बादल्या भरल्या.

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. शाळेआधी ओढ्यावर म्हशी धुवायचो. म्हैस धुवायची रीत सोपी... भरपूर पाणी मारायचं, चोळायचं आणि उन्हात उभी करायची. वाळली की अंग कसं तुकतुकीत दिसतं! गाडीलाही मी तेच केलं. शाम्पू लावला, बादल्या ओतल्या, गेटजवळ भर उन्हात उभी केली आणि फुलवाल्याकडे गेलो.

परत आलो तर बोनेट, टप, दारं... सगळीकडे पांढरे गोल ठिपके. कुणी चुन्याचं पाणी शिंपडावं तसे. ओल्या फडक्याने पुसलं की दिसेनासे व्हायचे, वाळलं की पुन्हा हजर.

गावाहून आलेले माझे थोरले भाऊ, दादा, कमरेवर हात ठेवून बघत होते. "अरे, म्हैस तरी बरी. धुतली की काळीच राहते. तुझी ही एका आंघोळीत म्हातारी झाली!" सगळे हसले. मीही हसलो, पण खिशातून गाडीची किल्ली काढली.

तसाच उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका गॅरेजवर गेलो. त्याने बोनेटवरून बोट फिरवलं. "अंकल, पूरा पॉलिश मारना पडेगा. गाडी छोड के जाओ, मंडे को ले जाना."

मंडेला! लग्न रविवारी...

परत येताना मनातल्या मनात बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हटलं. मागणं काही नव्हतं. मन जागेवर यावं म्हणून मी म्हणतो, एवढंच.

घरी आलो तर सुजाता गॅलरीत उभी. हाताला मेंदी, त्यामुळे कठड्याला न टेकता वाकून बघत होती. "असू दे पप्पा... चालेल." ते 'चालेल' मला दादांच्या थट्टेपेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन खाली आली. कप माझ्या हातात दिला आणि दाराजवळ वाकली. "अहो, हे तर आपल्या बाथरूमच्या नळावर बसतं तेच आहे. बोअरिंगचा क्षार."

"मग? नळावरून तू कसं काढतेस?"

"व्हिनेगरने. इतकी वर्षं नळ काय आपोआप चमकतो?"

"अगं, तो नळ आहे. हा रंग आहे!"

"मग पाणी घालून पातळ करा. आणि आधी कुठेतरी खाली लावून बघा."

गाडी सावलीत घेतली. पत्रा गार होऊ दिला. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घातलं, जुनी मऊ बनियन बुडवली आणि मागच्या चाकाशेजारच्या एका ठिपक्यावर हलकेच फिरवली. साध्या पाण्याने पुसलं आणि वाळेपर्यंत नजर दुसरीकडे फिरवून उभा राहिलो...

वळून बघितलं. तिथे नुसता काळा रंग होता.

खरं सांगतो, खालीच बसलो.

संध्याकाळी नळ आला. मी आणि दादांनी एकेक दार, एकेक कोपरा करत सगळी गाडी पुसली. मग नळाच्या पाण्याने धुतली आणि बायकोच्या जुन्या सुती साडीने लगेच टिपली. एक थेंबही आपोआप वाळू दिला नाही. दादा मागे सरकून म्हणाले, "हां... आता म्हैस ओढ्यातून आली!"

रविवारी कुळगावच्या हॉलसमोर गाडी थांबवली. सुजाता उतरली, तेव्हा काळ्या दारात तिची पांढरी साडी आरशात दिसावी तशी लख्ख दिसली. तिने पण ते पाहिलं. मग माझ्याकडे बघून नुसती हसली... कालचं 'चालेल' त्या हसण्यात कुठे नव्हतं.

ज्या उत्तरासाठी मी उल्हासनगरपर्यंत गेलो, ते घरच्याच नळावर होतं, ज्याच्याखाली मी रोज सकाळी तोंड धूत होतो. तो नळ चमकतो कशाने, हे कधी विचारावंसं वाटलं नाही.

सोमवारी सकाळी बाथरूमचा नळ मी पुसला. बायकोला अजून सांगितलेलं नाही... सुजाता हे वाचून सांगेलच.