मेमरी साफ होईपर्यंत

ऐंशीच्या दशकात नांदुऱ्याच्या एका जिनिंग मिलमध्ये मी कॉम्प्युटरवर कामाला होते. कापसाच्या गाड्यांचा नंबर लावायचा प्रोग्राम मीच बेसिक भाषेत लिहिलेला. गाडीवाल्याचं नाव, गाव, आणि गाडी कुठल्या रांगेत, एवढंच त्यात. मॅनेजरसाहेबांना त्याचं इतकं कौतुक, की ऐन हंगामात त्यांनी हाताने चिठ्ठ्या देणं बंदच केलं.

त्याच दिवशी दुपारी पडदा थिजला. मी कळ दाबली, पुन्हा दाबली. काहीच उमटेना. बाहेर फाटकापासून पार रस्त्यापर्यंत गाड्या लागलेल्या आणि त्यांचा क्रम फक्त त्या डब्यात. कॅसेटवर मी तो संध्याकाळी उतरवून घ्यायचे.

धामणगाव बढ्याचा एक म्हातारा गाडीवाला खिडकीशी आला. "बाई, आमचा नंबर गेला काय? पहाटेपासून उभा आहो मी. बैल उपाशी हायेत."

"नाही काका, थांबा जरा," मी म्हटलं. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

साहेब आत आले. "बंद करून चालू करा ना."

"बंद केलं तर सगळं पुसलं जाईल, साहेब."

"मग सुरू कधी होणार?"

"सांगता येत नाही."

एक गोष्ट मी यंत्राच्या माहितीपुस्तिकेत वाचली होती. मेमरीतलं एखादं नाव बदललं की त्याला नवी जागा मिळते, जुनं तिथेच पडून राहतं. जागा संपली की यंत्र सगळी कामं सोडून वापरातलं काय नि टाकाऊ काय ते निवडत बसतं. तेच चाललं असेल का? की यंत्र खरंच अडकलं होतं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं. त्यात लाइट गेली तर? निदान कोणी बंद करू नये म्हणून मी खुर्ची सरकवून बटणासमोर बसले.

"फोडा बे ते डबडं!" कोणीतरी ओरडलं.

"बसू दे न तिले," म्हातारा म्हणाला. "काऊन गोंधळ करून राह्यले?" आणि तो पायरीवरच टेकला.

किती वेळ गेला, कोण जाणे. मग मघाशी दाबलेली अक्षरं एकदम पडद्यावर उमटली. सगळी नावं जागेवर होती. मी ती भराभर वाचत गेले आणि साहेबांनी हाताने चिठ्ठ्या लिहिल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी प्रोग्राम बदलला. नाव, गाव, रांग असे तीन तुकडे न ठेवता एकच ओळ केली, म्हणजे यंत्राला निवडायला कमी राहील. सगळे जेवायला गेले की मी यंत्राला मुद्दाम मेमरीची सफाई करायला लावायचे. थांबणं पुष्कळ कमी झालं. तरी त्या हंगामभर पडद्यावरचा ठिपका लुकलुकायचा थांबला की मी खुर्ची सरकवून बटणासमोर बसायचे.