वल्ह्यावरचा बावटा

इंजिनरूममध्ये त्या दिवशी माझं कशात लक्ष लागत नव्हतं. बेअरिंगला हात लावून ऊब बघायची, गेज वाचायचं, वहीत आकडा लिहायचा, हे सगळं हात आपोआप करत होते. मन मात्र तासाभरापूर्वी दिसलेल्या मासेमारीच्या एका मचव्यापाशी अडकलं होतं. का, ते कळत नव्हतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. कोळशावर चालणाऱ्या एका मालवाहू बोटीवर मी थर्ड इंजिनियर होतो. कोचीनहून काथ्या आणि खोबरं भरून आम्ही मुंबईला निघालो होतो. नारळी पौर्णिमा होऊन चारच दिवस झाले होते. माझा वॉच, म्हणजे पाळी, बारा ते चार. त्याआधी साडेअकराला जेवून मी वर ब्रिजवर, जिथून बोट हाकतात तिथे, गप्पा मारायला गेलो. कोर्लईचा डोंगर उजवीकडे मागे पडत होता. डावीकडे, दीडेक मैलावर, एक मचवा होता आणि त्यावर लाल फडकं हलत होतं.

ब्रिजवर पाळीला असलेला मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, फर्नांडिस गोव्याचा. "काय म्हणतायत रे हे?" त्याने विचारलं.

मी नागावचा. हा माझ्या घरासमोरचा समुद्र. मला नाही तर कुणाला माहीत असणार? ऐटीत म्हटलं, "नारळी पौर्णिमा झाली ना. नवा बावटा लावलाय. दे एक भोंगा, खूश होतील."

त्याने दोरी ओढली. मचव्यावरचे लोक हात हलवू लागले. आम्हीही हलवले. मग मी खाली उतरलो.

एक वाजायच्या सुमारास एका आगवाल्याने, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्याने, घामाने भिजलेला लाल पंचा निखारे ओढायच्या लांब सळईला बांधला आणि सळई भिंतीला उभी टेकवली. वाळायला. ते बघितलं आणि मला एकदम उमगलं. मचव्यावरचं फडकं डोलकाठीवर नव्हतंच. ते वल्ह्याला बांधलेलं होतं, आणि वल्हं कुणीतरी हातांनी उभं धरलं होतं. सणाचा बावटा कोळी डोलकाठीच्या टोकाला लावतात. वल्ह्याला बांधायची पाळी येते ती डोलकाठीच उरली नसेल तर.

आमची नारळी-पोफळीची वाडी. होड्या मी किनाऱ्यावरून बघितलेल्या, तेवढंच माझं ज्ञान. फर्नांडिसला 'माहीत नाही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

वॉच सोडून वर जाणं हा गुन्हा. तेलवाल्याला म्हटलं, "पाच मिनिटं सांभाळ," आणि तेलकट कपड्यांनिशी ब्रिजवर पोचलो. कॅप्टन दस्तूर तिथेच होते. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटायची. त्यांनी सगळं ऐकलं आणि घड्याळ बघितलं. गोदीचा दरवाजा भरतीलाच उघडतो. चारची भरती चुकली की बोट बाहेर नांगरायची आणि मालकांना उत्तर द्यायचं.

"तू शुअर आहेस?"

"नाही, सर. मघाशी शुअर होतो, तेच चुकलं."

त्यांनी वायरलेसवाल्याला कामाला लावलं. आमच्यानंतर नौदलाची एक बोट त्याच पाण्यातून दक्षिणेला गेली होती. दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं. कोर्लईसमोर बिनडोलकाठीचा मचवा दिसला, माणसं बसलेली, इशारा कसलाही नाही. ती बोट आता मचव्यापासून आमच्याहूनही लांब गेली होती.

कॅप्टननी कागद माझ्यापुढे धरला. "बघ. इशारा नाही."

"सर, इशारा नाही, कारण आपण भोंगा दिलाय. त्यांना वाटतंय, आपण येतोय."

वारा नैर्ऋत्येचा होता, मचवा खडकांकडे सरकत असणार हे दस्तूरांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली.

"खाली जा. मला स्टीम पाहिजे. आणि परत या कपड्यात माझ्या ब्रिजवर येऊ नकोस."

कोळसा हलका, अर्धी मातीच. स्टीम चढेना. आगवाल्यांना मी खरं काय ते सांगून टाकलं. कुणी कुरकुरलं नाही, फावडी मात्र दुप्पट वेगाने चालू लागली. तासभर मी गेजवरून नजर काढली नाही.

ब्रिजवरचा हुकूम खाली टेलिग्राफने येतो. घंटा वाजते, तबकडीवरचा काटा फिरतो. स्लो. स्टॉप. हाफ अस्टर्न, म्हणजे अर्ध्या वेगाने मागे. पुन्हा स्टॉप. मग बराच वेळ काहीच नाही. वर माणसं वाचतायत की बुडतायत, इंजिनियरला दिसत नाही. त्याला काटा दिसतो.

शेवटी बोलायच्या पितळी नळीतून फर्नांडिसचा आवाज आला. "पाच होते. पाचही आले."

मी लोखंडी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. आगवाल्याने पाण्याचा डबा पुढे केला.

चारला वॉच संपल्यावर वर गेलो. तांडेल, म्हणजे मचव्याचा प्रमुख, घोंगडी पांघरून चहा पीत होता. रेवदंड्याकडचा. पहाटे वावटळीत डोलकाठी मोडली, सुकाणू गेलं, तळाची फळी उकलली. आम्ही पोचलो तेव्हा काठ पाण्याला टेकायला चारच बोटं उरली होती.

"तुमी भोंगा दिला, मंग आमी वल्हं आडवं टाकलं," तो म्हणाला. "पानी उपसायला सगले हात लागत व्हते."

"आणि मागून नौदलाची बोट आली, ती?"

"दिसली की. पन तुमी येनार व्हता ना? मंग तिला कशाला थांबवायची?"

मला राहवलं नाही. बावटा सणाचा आहे असं मीच सांगितलं होतं, हे कबूल केलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुठलं तुमी?"

"नागावचा."

"वाडीवालं?"

"हो."

"मंग बरोबर हाय," म्हणाला आणि चहा संपवला.

भरती चुकलीच. वॉच सोडल्याबद्दल मला मेमो मिळाला. मी मुकाट्याने सही केली, कारण वॉच सोडला होता हे खरंच होतं. तेव्हापासून कुणी लांबून हात केला की उलट हात करण्याआधी मी विचारतो, काय हवंय. माणूस माझ्या गावाकडचा असला तर दोनदा विचारतो.