साबणातला केस

आमच्या ताईचा एकच नियम. साबणात केस चालायचा नाही. लॉजच्या खोल्या झाडताना गिऱ्हाइकांनी टाकलेले साबणाचे तुकडे ती डब्यात भरून आणायची. घरी खिडकीपाशी बसून एकेक तुकडा उजेडात धरायची आणि सुईनं केस उपसायची. मग किसणी, मग वाफेवर वितळवणं, आणि साच्यात ओतून गुलाब, शिंपले, कमळं. ती फुलं परत त्याच लॉजच्या खोल्यांत जायची, आणि मॅनेजर मेला "खास आमच्याकडची" म्हणून मिरवायचा.

"लोकांच्या अंगचा मळ तू फुलं करून विकतेस!" मी चिडवायची.

"तुला काय जातंय नाक मुरडायला? जा, साचे धू."

तिची एकुलती एक लेक चिऊ, एकोणीस वर्षांची, आठ दिवसांच्या तापात गेली. ताई रडली नाही. पोरीचे कपडे वाटून टाकले. न्हाणीतली चिऊची अर्धी झिजलेली पिवळी वडी तेवढी ठेवली, कारण तिला एक लांब केस चिकटला होता. तो मात्र ताईनं काढला नाही. वडी वाटीत ठेवून वर बशी झाकली.

गेल्या महिन्यात ताई तापानं पडली आणि नेमकी लॉजला चाळीस फुलं हवी होती. म्हटलं, मी करते, त्यात काय एवढं! मला कुठला तिच्यासारखा धीर? सुई हातात धरली नाही, दिसेल तो तुकडा किसत सुटले. शेवटी माल कमी पडला, तेव्हा बशीखालचाही घेतला. आठवलंच नाही हो मला. देवाशप्पथ सांगते, आठवलं नाही.

उठल्यावर ताईनं रिकामी वाटी पाहिली. मला वाटलं, आता माझी खैर नाही. ती एवढंच म्हणाली, "फुलं गेली?"

"सकाळीच."

अंगात ताप घेऊन ती तशीच लॉजवर निघाली. फुलं खोल्याखोल्यांत लागली होती, मॅनेजरनं परत द्यायला साफ नकार दिला. मग ताई रोज झाडताना प्रत्येक खोलीतला साबण खिडकीशी नेऊन बघू लागली. मी तिच्यामागे बादली धरून. तापानं नेलेल्या पोरीला माझ्या हातानं दुसऱ्यांदा घालवलं होतं मी.

बाराव्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. रुमालानं बोटं पुसत तो ओरडला, "गिऱ्हाइकाच्या हातात हा एवढा लांब केस आला! लाज वाटत नाही? उद्यापासून यायचं नाही!"

ताईचा चेहरा उजळला. चिऊ गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"सापडला? कुठाय साहेब? द्या ना!"

"द्या काय द्या? संडासात टाकला अन् पाणी सोडलं!"

ताईनं पदराला खोचलेली सुई काढून त्याच्या टेबलावर ठेवली. मग हळूच विचारलं, "कुठल्या खोलीतल्या संडासात?"