न झालेल्या गोष्टीची चौकशी

साइटवर त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं. चहात साखर जास्त पडली, तरी आज ही कसली मेहेरबानी म्हणून तो आधी कपात डोकावायचा. डंपर मात्र चांगला चालवायचा, ते कुणी नाकारलं नसतं.

नवी सुरक्षा अधिकारी आली आणि तिने सगळ्या ड्रायव्हरांना गोळा केलं. "झालेला अपघात मला कळतोच," ती म्हणाली. "मला न झालेले हवेत. विजेच्या तारेखाली थोडक्यात वाचलात, तर येऊन सांगा. कुणावर कारवाई होणार नाही." शंकासुराने कान टवकारले. न झालेल्या गोष्टीची चौकशी? नक्कीच पाणी कुठेतरी मुरत होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने एकेकाला बजावलं, की तोंड उघडलं की नोकरी गेली. कुणी विचारलंच तर "काही झालं नाही" एवढंच म्हणायचं.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. भराव टाकायच्या जागेवरूनच विजेच्या तारा जात होत्या. ओली माती डंपरच्या हौद्याला चिकटून बसली, की हौदा वरच ठेवून गाडी जराशी पुढे घ्यायची आणि कचकन ब्रेक मारायचा, म्हणजे माती सुटते. ही युक्ती त्याचीच. नुकतंच असं करताना त्याने खिडकीतून मान काढून वर पाहिलं, तर हौद्याचं टोक आणि तार यांच्यात हातभरही जागा नव्हती. त्याहून वाईट म्हणजे मागच्या गाडीत मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. यानेच त्याला कामाला लावलेलं. त्याने पाहिलं असेल का? विचारावं, तर आपणच कबूल केल्यासारखं होणार.

आणि एक दिवस हाच मेहुणा अधिकारी बाईंच्या केबिनमधून बाहेर पडताना दिसला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, शंकासुर मनाशी म्हणाला. त्या रात्री मेहुणा जेवायला आला होता, तर हा त्याच्याशी धड बोलला नाही. शेवटी बायकोने विचारलं, माझ्या भावाने तुमचं काय घोडं मारलंय?

दुसऱ्या दिवशी नजर ठेवायची म्हणून त्याने मुद्दाम आपली गाडी मेहुण्याच्या मागे लावली. माती ओली होती. मेहुण्याचा हौदा वर गेला, माती चिकटून राहिली, आणि हौदा तसाच ठेवून गाडी पुढे सरकू लागली. टोक सरळ तारेकडे निघालं होतं. शंकासुराने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. गाडी थांबली. मग हौदा हळूहळू खाली आला.

मेहुणा खाली उतरला. तरी शंकासुराच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच:

"काल केबिनमध्ये काय सांगितलंस?"

"ही जागा कशी आहे विचारत होत्या. काही झालं नाही म्हणालो." मेहुण्याने वर तारेकडे पाहिलं. "तुमची गाडी पाहिली होती मी, भाऊजी. पण तुम्हीच म्हणालात ना, एवढंच म्हणायचं. आणि तुम्ही करता म्हणजे चालत असेल, असं वाटलं."

शंकासुराला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो तडक केबिनमध्ये गेला आणि दोन्ही गोष्टी सांगून मोकळा झाला, आधी स्वतःची. माती टाकायची जागा त्याच दुपारी तारांपासून दूर हलवली. नोकरी कुणाची गेली नाही. तरी पगाराचं पाकीट तो अजून उजेडाला धरून बघतो, आत चिठ्ठीबिठ्ठी नाही ना.

त्या संध्याकाळी तो आणि मेहुणा जेवायला बसले. बायकोने वाढता वाढता रोजच्यासारखं विचारलं, आज काय झालं? मेहुणा ताटात बघत राहिला. "काही झालं नाही" हे शब्द शंकासुराच्या अगदी ओठांवर आले होते. त्याने हातातला घास खाली ठेवला आणि काय झालं नाही, ते तिला सगळं सांगितलं.

ऐकता ऐकता ती उठली आणि भावाच्या शेजारी जाऊन बसली.