एक्स कुणाला मानायचं

गणिताशी माझं कधीच जमलं नाही, आणि नशिबाने नवरा मिळाला तो गणिताचा मास्तर. इंदूरच्या एका शाळेत ते सहावीला बीजगणित शिकवायचे. मुलं ज्यांना घाबरतात ती शाब्दिक उदाहरणं हा त्यांचा खास प्रांत. दिवाळीनंतर त्यांना ब्रेन स्ट्रोक झाला. हातपाय वाचले, शब्द गेले. पाणी हवं असलं की "ते... ते..." म्हणत ओठांकडे बोट दाखवायचे. मी जरा लांब वाक्य बोलले की परमुलखातल्या पाहुण्यासारखे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

पलासियाच्या क्लिनिकमधली स्पीच थेरपिस्ट म्हणाली, त्यांच्या आवडीच्या विषयावर रोज बोलत राहा. राजेंद्र नगरातल्या आमच्या शेजाऱ्यांनाही सल्ले सुचत होते. "भाभीजी, रोज अखरोट भिगो के दो, दिमाग एकदम चकाचक." दिले. त्यांना अक्रोडांचा वीट आला आणि मला शेजाऱ्यांचा.

तेवढ्यात शाळेचा निरोप आला. सत्र संपायच्या आत एक तास घेऊन दाखवा, जमलं तर जागा तुमचीच. घर माझ्या नोकरीवर चाललं असतं, त्याची काळजी नव्हती. पण वर्गाशिवाय हा माणूस दिवसभर घरात बसून काय करणार, ही खरी काळजी होती. म्हणून मी त्यांचंच सहावीचं पुस्तक काढलं आणि त्यांची मास्तरीण झाले.

"एका संख्येच्या दुपटीतून पाच वजा केले तर पंधरा उरतात, ती संख्या कोणती?" मी वाचायची. ते दोन, पाच, पंधरा असे आकडे ऐकू आले त्याच क्रमाने लिहायचे आणि थांबायचे. तेच मी 2x − 5 = 15 असं लिहून पुढे सरकवलं, की पेनाला टोपण लावायच्या आत उत्तर हजर, दहा. म्हणजे गणित शाबूत होतं. वाक्यातून समीकरणाकडे जायची वाट तेवढी बुजली होती.

मी लहान मुलांना सांगावं तसं सांगत गेले. जे माहीत नाही त्याला एक्स म्हणायचं. त्याची दुप्पट म्हणजे दोन एक्स. त्यातून पाच काढायचे. जे उरलं ते पंधराच्या बरोबर. ते मान डोलवायचे, आणि पुढच्या उदाहरणाला पुन्हा नुसते आकडे. एकदा माझा तोल गेला. "अहो, हे तुम्हीच शिकवत होतात ना?" नेमकं ते वाक्य त्यांना कळलं. उठून गॅलरीत गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. गणिताचा राग मला होताच, आता भाषेचाही यायला लागला होता.

तासाच्या दिवशी मी वर्गात शेवटच्या बाकावर बसले. शेजारी मुख्याध्यापिका. समोर सगळी त्यांचीच मुलं, दिवाळीपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकलेली. सुरुवातीला त्यांनी फळ्यावर एकामागून एक समीकरणं सोडवली. खडू सरसर चालत होता, बोलायची गरजच नव्हती. माझ्या जिवात जीव आला.

मग पहिल्या बाकावरच्या मुलीने नेहमीच्या सवयीने उठून पुस्तकातलं उदाहरण वाचलं. वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा चार वर्षांनी जास्त, दोघांच्या वयांची बेरीज चव्वेचाळीस, तर मुलाचं वय किती?

त्यांनी फळ्यावर लिहिलं, 3, 4, 44. आणि थांबले.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. ती मुलगी अजून उभीच होती. हळूच म्हणाली, "सर, बेटे की उम्र एक्स मान लें?" त्यांनी x लिहिला. खिडकीपाशी कुणीतरी म्हणालं, मग पापा थ्री एक्स प्लस फोर. तेही लिहिलं. मागून आणखी एक आवाज आला, दोनों को जोड़ दो सर, बराबर चवालीस. कुणी हसलं नाही, कुणी कुणाला कोपरखळी मारली नाही. समीकरण पुरं झालं आणि त्यांनी ते झटक्यात सोडवलं. मुलगा दहा वर्षांचा. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सरजी, पुढच्या आठवड्यापासून या. मी बाईंचे पायच धरायची बाकी होते.

माझ्या नवऱ्याने नकारार्थी मान हलवली. "नहीं," म्हणाले, आणि बाहेर पडले.

स्कूटरपाशी मी त्यांच्याशी भांडले. सगळं मनासारखं झालं असताना हा कसला हट्ट? उत्तर बरोबर आलं, आणि ते तुम्हीच काढलंत, मुलांनी नाही. ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. मी मध्ये बोलले नाही, थेरपिस्टने तसं बजावून ठेवलं होतं.

"उत्तर... कुणीही काढतं," ते म्हणाले. मग पुन्हा थांबले, आणि एकही शब्द न अडखळता म्हणाले, "मुलं मला सांभाळून घेतात, आता मी तिथे नको."

इतके महिने मी ज्याची वाट पाहत होते, ते त्यांचं पहिलं धड वाक्य हे होतं.